तीस मिलिग्रॅमचा हिशेब

या अंकात वाळवणही नाही नि विणकामही नाही. विषय जरा रुक्ष आहे, कायद्याचा आहे. पण तो आपल्या चुलीपर्यंत येऊन पोचलेला आहे, म्हणून घेतला.

झालं असं की, आमच्या कळमनुरीतल्या भिशीला पंधरा-वीस जणी जमतो. चहा होईपर्यंत गप्पा. त्या दिवशी बोलणं निघालं महामार्गावरच्या अपघातांचं. अकोल्याकडून वाशिम, हिंगोली करत येणारा आणि पुढे नांदेड-देगलूरला जाणारा रस्ता आमच्या गावावरूनच जातो, तेव्हा हा विषय आम्हाला रोजचा. एक जण पटकन म्हणाली, "ट्रकवाला प्यालेला असेल, दुसरं काय!" आमच्यातल्याच एकीचे मालक ट्रक चालवतात. हळदीची पोती सांगलीला नेतात, येताना मिळेल ते भाडं घेऊन येतात. ती कधी फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "पिऊन गाडी चालवणारा म्हटलं की सगळ्यांला आमचाच माणूस दिसतो. लग्नातून मोटारसायकलवर झुलत येणारे कुणाला दिसत नाहीत का?" आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता. खरं सांगा, कायदा ट्रकवाल्याला वेगळा नि मोटारवाल्याला वेगळा असतो का?"

प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ आहे. नाही. आपल्या देशात तो वेगळा नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १८५ सांगतं की, गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क निघाला तर तो गुन्हा. हा ३० चा आकडा १९९४ च्या दुरुस्तीने आला. कलमात शब्द आहे 'मोटार वाहन'. त्यात सोळा चाकांचा ट्रक आला, एसटी आली, मारुती आली, स्कूटर आली, काळी-पिवळी जीप आली, आणि हो, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरही आला. चालवलीच पाहिजे असंही नाही. चालवायचा प्रयत्न केला तरी कलम लागतं. गांजा-अफूसारख्या नशेत गाडी ताब्यात ठेवता येत नसेल तर तोही याच कलमाखाली गुन्हा.

शिक्षा काय? पूर्वी पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १०,००० रुपये झाला, कैद तीच राहिली. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. हेल्मेट नसलं की जशी रस्त्यावरच पावती फाटते तसं इथे होत नाही. हा गुन्हा जागेवर मिटवता येत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. "साहेबाला काहीतरी देऊन मिटवलं" असं कुणी घरी येऊन सांगत असेल तर त्याने दंड भरलेला नाही. त्याने दुसरंच काहीतरी केलेलं आहे, हे समजून घ्या.

आता हे ३० मिलिग्रॅम म्हणजे नेमकं किती? मला स्वतःला आकडा ऐकून काही बोध होईना. आपण बायका वाटी-चमच्याने मोजणाऱ्या. म्हणून मी तो हिशेब आपल्या पद्धतीने मांडून पाहिला.

आपल्याकडे बाटलीतून मिळणारी व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्के मद्यार्काची असते, तसं लेबलवरच छापलेलं असतं. मोठा पेग म्हणजे ६० मिलिलिटर, आपल्या चहाच्या लहान कपाच्या निम्म्याच्या आसपास. त्यात शुद्ध मद्यार्क सुमारे २० ग्रॅम. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला तर रक्तातलं प्रमाण ४५ मिलिग्रॅमच्या घरात जातं. म्हणजे एका मोठ्या पेगातच मर्यादा ओलांडली! पोटभर जेवण झालेलं असेल तर आकडा जरा खाली राहतो, अंगाने बारीक असेल तर वर जातो. पण "एकच घेतला हो" हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही ते यामुळे.

आणि "बिअर म्हणजे काय दारू आहे का?" म्हणणारे घराघरांत आहेत. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घ्या. सात टक्के धरले तरी तिच्यात ३५ ग्रॅमच्या वर मद्यार्क असतो. म्हणजे जवळजवळ पावणेदोन मोठे पेग. थंडगार आहे, फेस आहे, लिंबू-सरबतासारखी घशाखाली उतरते, एवढाच काय तो फरक.

खरी मेख पुढे आहे. ती ड्रायव्हरच्या घरातल्या बाईने आणि सकाळी लवकर प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावी अशी आहे. पोटात गेलेली दारू लिव्हर म्हणजे यकृत जाळतं, आणि ते आपल्या ठरावीक गतीनेच जाळतं. माणसामाणसांत फरक पडतो, पण सरासरी धरली तर ताशी १५ मिलिग्रॅम. त्याला घाई करता येत नाही. आता समजा, रात्री अकराला ढाब्यावर एका क्वार्टरवर बसला. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, तीन मोठे पेग. आपल्या पासष्ट किलोच्या माणसाचा हिशेब गेला १३५ च्या आसपास. तिथेच खाटेवर झोपला, पहाटे चारला तोंड धुऊन, चहा घेऊन गाडी सुरू केली. पाच तास झाले. पाच गुणिले पंधरा, पंचाहत्तर. उरले साठ. मर्यादेच्या दुप्पट! डोळे उघडे आहेत, झोप झाली आहे, बोलणं ठीक आहे, स्वतःला वाटतंय की उतरली. रक्ताला ते वाटत नाही. पूर्ण शून्यावर यायला त्याला सकाळचे आठ वाजतील. देवदर्शनाला पहाटे निघणारी जीप, मुलांच्या सहलीची गाडी, नवरीला आणायला निघालेलं वऱ्हाड, सगळ्यांना हेच लागू आहे. रात्री प्यालेला सकाळी शुद्धीत दिसतो, म्हणून आपण विचारतही नाही.

दारू उतरवायचे घरगुती उपाय तुम्हालाही ठाऊक असतील. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी, उलटी काढणं. वास जावा म्हणून वेलदोडा, बडीशेप, पान, कच्चा कांदा. एरवी मी घरगुती उपायांच्या बाजूची बाई आहे, पण इथे एकाचाही उपयोग नाही. लिंबूपाण्याने तरतरी येते, दारू जळत नाही. कॉफीने झोप उडते, म्हणजे झोपाळू प्यालेल्याचा जागा प्यालेला होतो. आणि वेलदोडा तोंडातल्या वासाला आहे. पोलिसांच्या यंत्रात जी फुंकर जाते ती फुप्फुसाच्या तळातून येते. रक्तातला मद्यार्क तिथल्या हवेत उतरतो. एक मिलिलिटर रक्तात जेवढा, तेवढाच सुमारे २,१०० मिलिलिटर श्वासात, या हिशेबावर ते यंत्र चालतं. बडीशेपेने त्याला काय होणार?

आपल्यापैकी काही जणींचे भाऊ-पुतणे अमेरिकेत आहेत, त्यांना विचारून पाहा. तिथे मात्र आमच्या भिशीतल्या बाईचा प्रश्न बरोबर लागू पडतो. तिथे साध्या मोटारवाल्याला मर्यादा ८० मिलिग्रॅम, फक्त युटा राज्यात २०१८ च्या अखेरीपासून ५०. आणि ट्रक-बस चालवणाऱ्याला ४०. कारण चाळीस टन वजन ज्याच्या हातात, त्याची जबाबदारी मोठी, असा त्यांचा विचार. शिवाय कामावर चढण्याआधीचे चार तास थेंबही घ्यायचा नाही. म्हणजे पाहा, त्यांच्या ट्रकवाल्याला जी कडक मर्यादा, तिच्याहून आपली सगळ्यांची मर्यादा कडक. कागदावर. फुंकर मारायला लावणारं यंत्र रात्री दोन वाजता कळमनुरी ते वरंगा फाटा या रस्त्यावर किती वेळा उभं असतं, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांनी सांगावं.

आता ट्रकवाल्याच्या बाजूचं चार शब्द. मी त्या बाईच्या घरी दोनदा जाऊन आले. मालक महिन्यातून आठ-दहा दिवस घरी. बाकी सगळा संसार केबिनमध्ये. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा म्हणायचा की दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर काम घेऊ नये. लांब पल्ल्याला त्यात थोडी सवलत होती, एवढंच. मी हे वाचून दाखवलं तर ती तोंडाला पदर लावून हसली. "आठ तासांत तर मोंढ्यात गाडी भरून बी होत नाही, बाई." पूर्वी राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असले पाहिजेत असा नियम होता. तो २०१८ मध्ये काढून टाकला. एक ड्रायव्हर पुरे. आता त्या एका माणसाने जागायचं कसं नि झोपायचं कसं? काही जण जागण्यासाठी तंबाखूवर, गोळ्यांवर जातात, काही झोपण्यासाठी बाटलीवर. मी याचं समर्थन करत नाही. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर माझा भाऊही असू शकतो. पण "ट्रकवाले असलेच" म्हणून हात झटकण्याआधी त्याचं वेळापत्रक कोण ठरवतं ते तरी विचारावं.

आणि इथे कायद्यात एक फार उपयोगी कलम आहे, १८८. पिऊन गाडी चालवायला जो मदत करील, चिथावील, त्याला गुन्हा करणाऱ्याइतकीच शिक्षा. माणूस प्यालेला आहे हे डोळ्यांनी दिसत असून "जा रे, सकाळपर्यंत माल पोचला पाहिजे" म्हणून किल्ली देणारा मालक यात येऊ शकतो. आणि लग्नघरी "काही होत नाही, सोड यांना घरी" म्हणून आपल्या मोटारीची किल्ली मेव्हण्याच्या हातात देणारे दाजीही येऊ शकतात. हे कलम वापरलेलं फारसं ऐकू येत नाही. वापरलं तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतील असं मला वाटतं.

कायदा सारखा असला तरी त्याचा भार मात्र सारखा पडत नाही, हेही खरं. पकडल्यावर पोलिसांनी लायसन जप्त करून परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवायचं, असं २०१९ पासून कायद्यातच आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्याचं म्हणजे एमएच ३८ चं कार्यालय. ते लायसन काही काळ किंवा कायमचं काढून घेऊ शकतात, काही वर्गांच्या गाड्यांसाठी किंवा सगळ्याच. नोकरदार मोटारवाल्याचं लायसन गेलं तर तो तीन महिने एसटीने जाईल, बायकोला गाडी शिकवील. ट्रकवाल्याचं गेलं तर डब्यातलं पीठ संपतं. म्हणून मी त्या बाईला एक गोष्ट मुद्दाम सांगितली, तुम्हालाही सांगते. तुमचे मालक ट्रकवर शिस्तीने राहत असतील, पण सुट्टीला घरी आल्यावर कंदुरीला किंवा हळदीच्या रात्री घेऊन मोटारसायकलवर निघाले आणि पकडले गेले, तर जप्त होणारं लायसन तेच असतं. पोट ज्यावर चालतं तेच. मोटारसायकलचं पाप ट्रकला भोवतं. तिला हे माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्या मालकांनाही नव्हतं.

मग मोटारवाले काय धुतल्या तांदळासारखे आहेत? आपल्या महाराष्ट्रात जे खटले गाजले ते आठवून बघा. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर मोटार फुटपाथवर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण गेले. चालवणारा चांगल्या घरचा तरुण मुलगा, रक्तात ११२ मिलिग्रॅम. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षे केली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. आपल्या भागातूनही दरवर्षी माणसं मुंबई-पुण्याला मजुरीला जातात आणि अशाच रस्त्याकडेला झोपतात, म्हणून हा खटला मला कधी परका वाटला नाही. मग १९ मे २०२४, पुण्याचं कल्याणीनगर. पहाटे पोर्शे मोटारीखाली मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, ते तर तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल. शाळेत मी सातवीच्या मुलांना याहून मोठे निबंध लिहायला देते, असो. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. विचार करा, नमुना कशाला बदलायचा? कारण सगळा खेळ त्या आकड्याचा आहे.

म्हणूनच तो आकडा वेळेत मिळणं महत्त्वाचं. १९७१ मध्ये मुंबईच्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, तोंडाला वास येतो, चाल अडखळते, बोलणं तुटक आहे, बाहुल्या मोठ्या झाल्यात, एवढ्यावरून दारू प्यालेला होता हे पक्कं सिद्ध होत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी. ऐकायला विचित्र वाटतं, पण न्याय्य आहे. थकलेला, आजारी माणूसही अडखळतो. मात्र याचा दुसरा अर्थही काही लोकांनी बरोबर ओळखला. अपघात करून पळालं, चार-सहा तास कुठे तरी काढले की यकृत आपलं काम करतं. ताशी पंधरा. सापडेपर्यंत पुरावा विरघळून जातो. जखमीला रस्त्यावर टाकून पळणाऱ्यांतले काही भीतीने पळतात, काही हिशेबाने.

पळण्यावरूनच जानेवारी २०२४ चा तो संप झाला होता. तुमच्या गावीही पेट्रोलपंपावर रांगा लागल्या असतील. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम आलं, त्याविरुद्ध ट्रकवाले उतरले. कलम काही ट्रकपुरतं नव्हतं, मोटार-स्कूटर सगळ्यांना होतं. पण ट्रकवाल्याचं म्हणणं असं की, थांबलो तर जमाव जीव घेतो, न थांबलो तर कायदा. चर्चा केल्याशिवाय लागू करणार नाही असं सरकारने सांगितलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढं मागे ठेवलं. न प्यालेल्या ड्रायव्हरची ही भीती मला खोटी वाटत नाही. प्यालेल्यालाही तिचीच ढाल मिळते, हे मात्र वाईट.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. विमा. कपाटातली गाडीच्या विम्याची पॉलिसी काढा आणि बारीक अक्षरातला मजकूर एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या. त्यात गाडीचा मालक स्वतः चालवत असताना गेला तर घरच्यांना रक्कम मिळते, सध्या १५ लाखांची. पण तिथेच लिहिलेलं असतं की, तो मद्याच्या अमलाखाली असेल तर काहीच मिळणार नाही. म्हणजे माणूसही गेला आणि त्याने भरलेल्या हप्त्याचा पैसाही गेला. गाडीच्या दुरुस्तीचंही तेच. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक महागडी मोटार आपटली, कंपनीने नुकसानभरपाई नाकारली, भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फुंकर मारायची चाचणी झालेली नव्हती, तरी परिस्थितीवरून प्यालेला होता हे दिसतं, आणि विम्याच्या करारासाठी तेवढं पुरतं, असं म्हटलं. ध्यानात येतंय का? तुरुंगात टाकायला नुसता वास पुरत नाही, पण विम्याचा पैसा अडवायला वासाची नोंद पुरू शकते. दवाखान्यातल्या कागदावर डॉक्टरांनी 'तोंडाला मद्याचा वास' असं लिहिलं की संपलं.

आणि दुसऱ्याला उडवलं तर? जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना विमा कंपनीने आधी द्यावं आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावं, असे हुकूम कोर्टांनी पुष्कळदा दिलेले आहेत. पीडिताच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचं शेत, त्याचं घर त्या वसुलीखाली येऊ शकतं. आपल्याकडे सवलत मिळते म्हणून किंवा हौसेने गाडी बायकोच्या नावावर घेतात. घेताना पेढे वाटतो, हा भाग कुणी सांगत नाही. मूल अल्पवयीन असेल नि गाडी घेऊन गेलं तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. हेही २०१९ पासून. यात प्यालेला असण्याची अट नाही.

"मग सरकारने रस्त्यावरची दुकानंच बंद करावीत," असं कुणी म्हणेल. ते करून झालं आहे. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत म्हटलं, लहान गावांसाठी पुढे ते अंतर २२० मीटर केलं. चंदीगडच्या हरमन सिंग सिद्धू यांनी हा लढा दिला होता, ते स्वतः अपघातात कायमचे अपंग झालेले. मग काही राज्यांनी महामार्गांची नावं बदलून त्यांना गावातले रस्ते ठरवलं, नंतर शहरांच्या हद्दींना सूट मिळाली, आणि पुष्कळसं पूर्वीसारखं झालं. पिणारा अर्धा किलोमीटर चालतो हो. आपण त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

घरात काय करता येईल ते सांगते. भांडून नव्हे. प्यालेल्या माणसाशी भांडून किल्ली मिळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. किल्ली निघण्याआधी ठरवायची. लग्नाला, पार्टीला दोघं-तिघं मिळून जाणार असतील तर न घेणारा कोण हे घरीच ठरावं आणि किल्ली त्याच्याकडे. आपल्याकडे कार्य असेल तर पाहुण्यांच्या गाद्या चार जास्त घाला. "रात्री कुठे जाता भावजी, अंथरूण घातलंय" असं घरच्या सुनेने म्हटलं की सहसा कुणी मोडत नाही. पुरुषाने अडवलं तर त्याला अपमान वाटतो, हा आपला समाज. स्वतः गाडी शिकून घ्या, पक्कं लायसन काढा. चाळिशीतही जमतं, आमच्या भिशीतल्या दोघींनी काढलं. ट्रकवर जाणाऱ्या माणसाशी फोनवर बोलताना "कुठपर्यंत आलात" याऐवजी "रात्री किती वाजता निजलात" हे विचारा. उत्तरावरून तुम्हाला वरचा हिशेब आपोआप मांडता येईल.

आणि पोलिसांनी थांबवलंच तर नवऱ्याची बाजू घेऊन वाद घालू नका. फुंकर मारायला नकार दिला आणि प्यायल्याचा संशय असला तर विनावॉरंट अटक करता येते, आणि नकार कोर्टात त्याच्याविरुद्धच जातो. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे, नाही तर सोडून द्यावं लागतं. वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहून ठेवा. बाईला तपासायचं असेल तर डॉक्टर बाईच हव्यात, किंवा दुसरी बाई समोर हवी.

समोरची गाडी रस्त्यावर वेडीवाकडी जाताना दिसली तर तिला मागे टाकायला जाऊ नका. अंतर ठेवा, नंबर टिपा आणि ११२ ला कळवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा आहे. कुणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेला १०८. मदत करणाऱ्याला पोलिसांत अडकवायचं नाही, असं आता कायद्यातच लिहिलेलं आहे, कलम १३४-अ. हे आकडे मी स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत. भिशीतल्या त्या बाईने ते ट्रकच्या केबिनमध्ये, देवाच्या तसबिरीखाली, खडूने लिहून घेतले. खडू पुसला जातो म्हणून परवा माझ्याकडून पेंटचा ब्रश घेऊन गेली.